टेकल्यानंतरची धावपट्टी

कॅप्टन योगिनी भोईरला विमान कंपनीने जमिनीवर बसवलं, आणि नेमक्या त्याच आठवड्यात ठाकुर्लीत, तिच्या चोळेगावच्या नाक्यावर, तिचा बॅनर लागला.

बॅनर लावला तिच्या चुलतभावाने, साईनाथने. वर 'ठाकुर्लीची वाघीण' अशी भलीमोठी अक्षरं, खाली शुभेच्छुक म्हणून गल्लीतल्या यच्चयावत पोरांचे गॉगल घातलेले चेहरे, आणि मधोमध योगिनी. तिच्यामागे विमान होतं, तेही चार इंजिनांचं, थेट अमेरिकेला जाणारं. योगिनी चालवायची ते पंख्याचं, कोल्हापूर-नांदेड करणारं. "तुझं इमान बॅनरवर लय बारीक दिसत होतं," असं साईनाथचं म्हणणं पडलं.

कंपनीतून फोन आला की बॅनर ताबडतोब उतरवा, चौकशी चालू असताना असली प्रसिद्धी शोभत नाही. साईनाथ म्हणाला, "त्यांना सांग, नाका कंपनीचा नाय." योगिनीने तसं सांगितलं नाही, पण बॅनरही उतरवू दिला नाही. ती फारशी बोलणारी नव्हती. मात्र एकदा का ती अडून बसली, की ब्रह्मदेवाचाही तिच्यापुढे इलाज चालत नसे.

झालं होतं ते असं. पावसाळ्यातली दुपार, कोल्हापूरची धावपट्टी ओलीचिंब. विमान उड्डाण घेत असताना डाव्या बाजूला धाडकन आवाज झाला. मागोमाग टॉवरने कळवलं की धावपट्टीवर रबराच्या चिंध्या पडल्यात. विमानाच्या डाव्या पायाला दोन चाकं असतात. त्या दोन्हींचे टायर फुटले होते.

टायर फुटलेत याचं विमानाला हवेत काहीच सोयरसुतक नसतं. ते मजेत उडत राहतं. भानगड होते ती जमिनीला टेकल्यावर. फुटलेली बाजू घासत जाते आणि अख्ख्या विमानाला आपल्याकडे ओढते. वेग असेपर्यंत शेपटीवरचं रडर बोललेलं ऐकतं, कारण त्याला वारा मिळत असतो. पायाखालचं पेडल दाबलं की नाक मुकाट्याने वळतं. पण वेग उतरला की वारा उतरतो, आणि मग ते रडर म्हणजे नुसतं हलणारं फळकूट. उरतो तो धडधाकट बाजूचा ब्रेक. ओल्या जमिनीवर तोही किती पकडेल याची खात्री कुणी देत नाही. त्यात त्या दिवशी वारा डावीकडून होता, म्हणजे नाकाला आणखी डावीकडे फिरवणारा.

इंधन कमी करायला योगिनीने आभाळात घिरट्या घातल्या आणि त्या वेळात पक्कं ठरवलं. मध्यरेषेवर टेकायचं नाही. पट्टीच्या उजव्या अंगाला टेकायचं, म्हणजे डावीकडे ओढलं जायला जागा शिल्लक राहील. शेजारच्या खुर्चीतल्या को-पायलटला, सलिलला, तिने हे स्पष्ट सांगितलं. सलिल गुणी मुलगा. कंपनीच्या नियमांच्या पुस्तकाप्रमाणे विमान मध्यरेषेवरून सरकलं की ओरडून सांगणं हे त्याचं काम, आणि त्याने ते चोख केलं. "राइट ऑफ सेंटर, मॅम. राइट ऑफ सेंटर."

"बरोबर. तिथेच राहायचंय," योगिनी म्हणाली.

विमान टेकलं, धावलं, मग डावीकडे ओढू लागलं. पांढरी मध्यरेषा पोटाखालून निघून गेली. योगिनी उजव्या पेडलवर जवळजवळ उभी राहिली होती. शेवटी डाव्या काठावरचे दिवे फोडून विमान थांबलं, डांबरावरच. काठापलीकडे गवताचा अरुंद पट्टा होता आणि गवतापलीकडे पावसाच्या पाण्याचा काँक्रीटचा नाला. प्रवासी पावसात भिजत खाली उतरले. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. एका आजोबांनी उतरता उतरता विचारलं, आता पुढचं विमान किती वाजता?

कंपनीने मात्र पुस्तक उघडलं. पुस्तकात वाक्य होतं: कोणताही बिघाड असो, विमान धावपट्टीच्या मध्यरेषेवरच टेकवावं. योगिनीने ते मुद्दाम मोडलं. मध्यावर टेकली असती तर विमान मध्यावरच थांबलं असतं, दिवे फुटले नसते, असं चौकशीचं म्हणणं. निकाल गोड शब्दांत आला. एक दिवस सुधारणा प्रशिक्षण घ्यावं आणि पुढचे सहा महिने उजव्या खुर्चीत, म्हणजे को-पायलट म्हणून बसावं. बाकी कसलाही ठपका नाही. डाव्या खुर्चीत कॅप्टन बसतो. तिथवर पोचायला योगिनीने काय काय सोसलं होतं ते चोळेगावाला माहीत होतं, आणि ते कंपनीला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

आणि ते वाक्य पुस्तकात लिहिलं होतं कॅप्टन बाळ आपट्यांनी, ज्यांनी योगिनीला त्या खुर्चीपर्यंत नेलं होतं.

आपटे म्हणजे कंपनीच्या प्रशिक्षणाचे मुख्य. डोंबिवली पूर्वेचे, टिळकनगरातले. पांढऱ्याशुभ्र शर्टाला कडक इस्त्री, बोलणं मोजकं आणि शुद्ध. ते स्वतः असे उतरवत की टेकलं कधी ते प्रवाशाला कळायचं नाही. योगिनीच्या हातात काही आहे हे पहिल्यांदा त्यांनीच ओळखलं. "ही मुलगी कॅप्टन होणार," असं त्यांनी भरल्या खोलीत सांगितलं होतं, तेव्हा त्या खोलीतल्या अर्ध्या लोकांना तिचं आडनावही धड उच्चारायचं नव्हतं. त्यामुळे निकालाने तिला राग आला तो कंपनीचा, आणि वाईट वाटलं ते आपट्यांचं.

तिची आई शेवंती डोंबिवलीच्या बाजारात मासळी विकायला बसते. वडील, देवराम, कधीच गेले. घरात दोघीच. शेवंतीने सगळं ऐकून घेतलं आणि कोळंबी सोलता सोलता म्हणाली, "सहा महिने काय गो बाय, बघता बघता जातील. खुर्ची डावी काय नि उजवी काय, इमान त एकच ना?"

"आई, उद्या बाजारात तुला कुणी सांगितलं की तुझी जागा सोड आणि सहा महिने दुसरीच्या टोपलीमागे बस, तर बसशील?"

"कोन बसवल मना? टाप हाय कुनाची?"

"मग?"

शेवंतीने बराच वेळ कोळंबीच सोलली. "पन साहेब लोकांसंग भांडून कंदी कुनाचा भला झाला नाय," ती म्हणाली, आणि मग आणखी काही वेळाने, "जा तू. काय व्हायाचा ता होऊं दे."

ज्या सकाळी प्रशिक्षण होतं त्या सकाळी योगिनी स्कूटरवर निघाली. कल्याण-शीळ रस्ता मेट्रोसाठी खणून ठेवलाय, आणि जिथे खणलेला नाही तिथे खड्ड्यांनी आपलं काम केलंय. शीळफाट्यावरून मुंब्रा बायपास, तिथून ठाणे. सगळा रस्ता ती मनात एकच गोष्ट घोळवत होती, आणि ती गोष्ट एका बटणाची होती.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एका मसाल्याच्या कारखान्याला लागून एक उंच शेड आहे. आत लोखंडी पायांवर उभी असलेली पांढरी खोली. ती खोली म्हणजे सिम्युलेटर. आत हुबेहूब कॉकपिट, समोर पडद्यावर धावपट्टी, आणि खालचे पाय खोलीला असं हलवतात की घट्ट मनाच्या माणसालाही आपण खरंच उडतोय असं वाटावं. दोन खुर्च्यांच्या मागे प्रशिक्षकाची जागा आणि त्याचं पॅनल. वारा, पाऊस, बिघाड, सगळं तिथून लावता येतं. त्याच पॅनलवर ते बटण आहे. दाबलं की सारं जग जागच्या जागी थांबतं. त्याला सगळे 'फ्रीज' म्हणतात.

या सिम्युलेटरचं तासाचं भाडं ऐकून भल्याभल्यांचे डोळे पांढरे होतात. म्हणून कंपनीत एक रीत पडून गेली होती. पायलटने विमान टेकवलं की प्रशिक्षकाने फ्रीज दाबायचं. लँडिंग झालं, आता पुढचा धडा. टेकल्यानंतरची धावपट्टी कुणी धावतच नसे. धावण्यात शिकण्यासारखं काय आहे? कुणी तशी आज्ञा काढली नव्हती, पण रीत इतकी मुरली होती की प्रशिक्षकाचं बोट चाक टेकायच्या आधीच बटणापाशी जाऊन बसे.

योगिनीने सुट्टीच्या दिवशी आपट्यांच्या मदतीला इथे कित्येकदा पॅनल चालवलं होतं. एकदा सगळे जेवायला गेले असताना तिने एकटीने टायर फुटलेलं लँडिंग लावलं, मध्यावर टेकवलं आणि पुढे थांबवायला कुणी नव्हतं म्हणून विमान धावू दिलं. ते सरळ गवतात गेलं. पुन्हा केलं, पुन्हा गवतात. तिने आपट्यांना सांगितलं तेव्हा ते हसले होते. "अगं, टेकलं की झालं. पुढे काय, रिक्षासुद्धा थांबते." मग तीही हसली होती, कारण आपटे सर म्हणतात म्हणजे काहीतरी आपलंच चुकलं असणार. कोल्हापूरच्या आभाळात घिरट्या घालताना तिला ते गवत आठवलं, आणि हसणं गुंडाळून ठेवून तिने आपल्या डोळ्यांनी पाहिलेल्यावर विश्वास ठेवला.

शेडमध्ये सलिल आधीच येऊन बसला होता. त्यालाही बोलावलं होतं, उजव्या खुर्चीसाठी. त्याने योगिनीकडे पाहिलं आणि पटकन नजर दुसरीकडे वळवली. "मॅम, मी चौकशीत फक्त जे झालं तेच सांगितलं."

"तुझ्याबद्दल माझं काही म्हणणं नाही रे," योगिनी म्हणाली. ते खरं होतं.

आपटे आले, नेहमीसारखे घड्याळाच्या काट्यावर. त्यांनी तिची विचारपूस केली, आईची केली, आणि मग घसा साफ केला. "योगिनी, हा दिवस मला लांबवायचा नाही. तुलाही नसेल. तू एक लँडिंग कर, मध्यरेषेवर. मी सही करतो. सहा महिन्यांनी मी स्वतः तुला परत डावीकडे बसवेन."

"सर, मध्यावर टेकलं तर ते गवतात जातं."

"जात नाही. उजवं रडर, मग उजवा ब्रेक, आणि हात शांत. तू घाबरलीस म्हणून बाजूला गेलीस, यात लाज वाटण्यासारखं काही नाही."

हे मात्र योगिनीला चांगलंच झोंबलं. घाबरली? त्या दिवशी घाबरायला सवड कुणाला होती? पण ती आवाज न चढवता म्हणाली, "मग सर, एकदा तुम्ही दाखवा. मी तुमच्याकडूनच शिकलेय. तुमचं बघून करते."

यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. आपट्यांना दाखवायला मनापासून आवडायचं. ते डाव्या खुर्चीत बसले, पट्टे आवळले, खुर्ची पुढे घेतली. उजवीकडे सलिल. योगिनी मागे पॅनलवर. तिने कोल्हापूर लावलं. ओली धावपट्टी, डावीकडून वारा, डाव्या पायाचे दोन्ही टायर फुटलेले. तिने एक गोष्टही जास्त वाईट केली नाही आणि एकही कमी केली नाही.

आपट्यांनी काय विमान आणलं म्हणून सांगावं. पाहत राहावं असं. वाऱ्याला जेवढ्यास तेवढं उत्तर, ना घाई ना ढिलाई. मध्यरेषा नाकाच्या बरोबर खाली. चाक टेकलं ते कळलंही नाही. "पाहिलंस?" ते मागे न वळता म्हणाले. "मध्यावर."

आणि ते थांबले. म्हणजे हात थांबले. आयुष्यभराच्या सवयीने ते बटण दाबलं जाण्याची वाट पाहत राहिले.

बटण दाबलं गेलं नाही. खोलीचा तळ थरथरू लागला. विमान धावत होतं, आणि नाक हळूच डावीकडे कलायला लागलं होतं.

"फ्रीज," आपटे म्हणाले.

योगिनीने दोन्ही हात मांडीवर घट्ट दाबून ठेवले.

"योगिनी, फ्रीज कर."

"विमान अजून थांबलेलं नाही, सर."

मग आपट्यांनी पेडल दाबलं. उजवं, पूर्ण. रडरने थोडा वेळ ऐकलं, मग ऐकेनासं झालं. त्यांनी ब्रेक दाबला, चाक ओल्यावर घसरलं, खोली गदागदा हलली. मध्यरेषा उजव्या खिडकीत गेली. डावा काठ आला, दिवे आले, गवत आलं. "लेफ्ट ऑफ सेंटर, सर," सलिल बोलून गेला, कारण ते त्याचं काम होतं. नंतर खोलीने एक जबरदस्त आचका दिला, नाक खाली गेलं आणि सगळे पडदे लाल झाले.

आपट्यांच्या कानशिलावरून घामाचा थेंब ओघळला आणि इस्त्रीच्या कॉलरमध्ये जिरला.

"तू फ्रीज का केलं नाहीस?"

"कोल्हापुरात कोण करणार होतं, सर?"

आपट्यांनी पट्टे पुन्हा आवळले. मग म्हणाले, "माझा ब्रेक उशिरा लागला. पुन्हा लाव." तिने पुन्हा लावलं. या वेळी त्यांनी वाट पाहिली नाही. चाक टेकताक्षणी ते उजव्या ब्रेकवर तुटून पडले. चाक घसरलं आणि विमान आधीपेक्षा लवकर गवतात गेलं. त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं नाही, नुसता हात वर केला. तिने लावलं. नाला. त्यानंतर त्यांनी हातही वर केला नाही.

"सर," सलिलचा आवाज बारीक झाला होता, "त्या दिवशी मी इथेच बसलेलो. याच खुर्चीत. मॅमनी मध्यावर टेकवलं असतं तर..."

योगिनी उठली. "आता मी करते."

जागा बदलल्या. आपटे पॅनलवर आले. तोच वारा, तीच ओली पट्टी. योगिनीने विमान उजव्या अंगाला धरलं. सलिलच्या तोंडून "राइट ऑफ सेंटर" निघालं आणि मागोमाग तो ओशाळला. ती टेकली. ओढ सुरू झाली तसं तिने रडर दिलं, ते मेल्यावर ब्रेक दिला, पण तुटून पडून नाही, बेताबेताने, चाकाने जमीन सोडू नये असा. मध्यरेषा पोटाखालून गेली. डाव्या काठाचे दिवे फुटले आणि विमान थांबलं. डांबरावर. कोल्हापूरला थांबलं होतं त्याच्या आसपासच.

आपट्यांनी मागून वाकून डाव्या खिडकीतून पाहिलं. पंखाखाली पडद्यावरचं हिरवं गवत होतं.

बाहेर आल्यावर ते लोखंडी जिन्याच्या कठड्याला टेकून उभे राहिले. शेजारच्या कारखान्यात मिरची दळत होते. ठसका लागत होता. "ठीक आहे," ते म्हणाले. "मी कळवतो की प्रशिक्षणाची गरज उरलेली नाही. सहा महिन्यांचंही रद्द करवतो. सोमवारपासून तुझी डावी खुर्ची तुला. माझा शब्द ते मोडणार नाहीत."

हेच तर तिला हवं होतं. एवढ्यासाठीच ती इतके दिवस तळमळत होती. तिने हो म्हणायला तोंड उघडलंही. पण समोर सलिल उभा होता, हातातली बॅग एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेत.

"आणि पुस्तकातलं वाक्य, सर?"

"वाक्याचं काय?"

"ते तसंच राहणार?"

आपट्यांनी चष्मा काढला. "योगिनी, नियम सगळ्यांसाठी असतो. जो तो आपल्या मनाने कुठेही टेकायला लागला तर उद्या..."

"सगळ्यांसाठी असतो म्हणूनच विचारतेय. उद्या माझ्या जागी सलिल असेल. त्याचा टायर फुटेल. तो तुमचं ऐकेल, सर. तो ऐकणाराच आहे."

सलिलने मान खाली घातली.

"मी जन्मभर मध्यरेषेवर उतरलोय," आपटे म्हणाले.

"जन्मभर तुमचे टायर शाबूत होते."

असं आपट्यांशी कुणी बोलत नसे, आणि ती तर कधीच नाही. पण शब्द परत घ्यावा असं तिला वाटलं नाही. आपट्यांचा चेहरा लाल झाला. "तू फार ताणतेस. मी तुला तुझी खुर्ची देतोय. तुला आणखी काय हवंय, मी चुकलो असं जाहीर करायला हवंय?"

"हो."

"आणि नाही केलं तर?"

"तर मी बसत नाही. तुमच्या शब्दावर मिळाली तर ती खुर्ची तुमची. मला माझी पाहिजे. आणि ते वाक्य असताना मी गप्प बसून उडवत राहिले, तर पुढचं विमान नाल्यात जाईल त्यात माझाही हात असेल."

आपट्यांनी चष्मा चढवला, बॅग उचलली आणि निघून गेले. जाताना त्यांनी सलिलला 'चल' म्हटलं, तिला काही म्हटलं नाही. ती जिन्यावर एकटी राहिली आणि तेव्हा कुठे तिला रडू आलं. रागाचं होतं, दुःखाचं होतं, काय होतं कोण जाणे. तिथे पाहणारं कुणी नव्हतं, आणि असतं तर मिरचीवर ढकलता आलं असतं.

पुढच्या आठवड्यात कंपनीचा फोन आला. प्रशिक्षण नाकारलंत, तर को-पायलट म्हणूनही ठेवता येईल की नाही याचा विचार करावा लागेल. योगिनी म्हणाली, करा विचार. फोनवरच्या बाईंना हे उत्तर अपेक्षित नसावं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं, मॅडम, तुम्हाला नीट कळलं ना? कळलं, योगिनी म्हणाली. शेवंतीने कपाळाला हात लावला, पण बोलली काही नाही. उलट बाजारात कुणीतरी 'पोरीची नोकरी गेली म्हने' असं विचारलं तेव्हा तिने त्या बाईला असं काही फैलावर घेतलं की दोन टोपल्यांपलीकडचं गिऱ्हाईकही चार पावलं मागे सरलं.

दिवस जात राहिले. योगिनी सकाळी आईची पाटी बाजारात पोचवायची, दुपारी घरी बसून छताकडे बघायची. विमान वरून गेलं की कितीही नाही म्हटलं तरी मान वर व्हायची. आपण चुकलो का, असा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. रोज आला. रोज तिने गवत आठवलं आणि तो विचार गेला.

मग एका संध्याकाळी सलिलचा फोन. "मॅम, तुम्हाला कळलं? आपटे सर रोज ठाण्याला जातायत. सिम्युलेटर स्वतःच्या पैशाने भाड्याने घेतलाय. एकटेच बसतात. मला एकदा पॅनलवर बसवलं आणि सांगितलं, बटणाला हात लावलास तर याद राख."

"मग?"

"मग काय. गवत. नाला. गवत. मध्येच एकदा उजवीकडे टेकून बघितलं तर उजवीकडून बाहेर गेले." सलिलने आवाज खाली आणला. "ते रडर फार लवकर देतात, मॅम. मला सांगायची हिंमत नाही झाली."

रविवारी दुपारी योगिनी ओट्याशी बोंबील साफ करत होती. फोन वाजला. नाव पाहून तिने हात धुतले, पुसले, आणि मग उचलला.

"योगिनी," आपटे म्हणाले. त्यांचा आवाज थकलेला होता. "मी ते वाक्य खोडलंय. वर कळवलंय की ते चुकीचं होतं, आणि ते मी लिहिलं होतं. तुझ्या निकालाचा आधार गेला, आता त्यांना तो मागे घ्यावा लागेल. ते वैतागलेत. वैतागू देत."

बोंबलाचं पाणी ओट्यावरून खाली ठिबकत होतं.

"पण त्या जागी काय लिहायचं ते मला येत नाही," आपटे म्हणाले. "उजवीकडे किती, रडर केव्हा, ब्रेक केव्हा. मी करून पाहिलं. मला जमत नाही. तू उद्या येशील का?"

असं विचारायला त्यांना किती जड गेलं असेल हे तिला कळत होतं. दुसरी कुणी असती तर तिने तिथेच सगळं विसरून 'येते की सर' म्हटलं असतं. योगिनीलाही म्हणावंसं वाटलं. पण ती योगिनी भोईर होती.

"येते," ती म्हणाली. "डाव्या खुर्चीत मी बसणार."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बस," आपटे म्हणाले. "मी उजवीकडे बसतो."